संगणकावर जपून ठेवलेली माहिती परत मिळण्यास विलंब का लागतो?

शाळेचा पट, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, हजेरी इत्यादी माहिती हल्ली संगणकावर भरली जाते व ती दूरच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, साठविली जाते. अशा माहितीची दुसरी प्रत काढून ठेवण्याच्या व्यवस्थेस बॅकअप म्हणतात. प्रत काढण्याचे काम बहुधा रात्री बिनबोभाट चालते व त्याविषयी कोणी विचारपूस करीत नाही. परंतु मूळ फाइल नष्ट होऊन ती प्रतीवरून परत आणावयाची वेळ आली, म्हणजे पडद्यावरील टक्क्यांचा आकडा तासन्‌तास जागचा हलत नाही आणि दाखल्यासाठी आलेला पालक ओट्यावर ताटकळत बसतो. अशा वेळी ‘सर्व्हर मंद आहे’ एवढे म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आहे. हे निदान नव्हे. ताप आला आहे असे सांगितल्याने तापाचे कारण कळत नाही.

फाइल परत येण्याचा मार्ग चार टप्प्यांचा असतो. प्रथम ती साठवणीच्या डिस्कवरून अगर फितीवरून वाचली जाते. मग बॅकअपचे सॉफ्टवेअर ती उलगडून पूर्ववत जुळविते. पुढे ती तारेवरून प्रवास करते व शेवटी मुक्कामाच्या डिस्कवर लिहिली जाते. विहिरीवर मोठा पंप बसविला, तरी पाटात जेवढे पाणी मावते तेवढेच वाफ्यापर्यंत पोहोचते. त्याचप्रमाणे येथेही सर्वांत मंद टप्प्याचा वेग हाच साऱ्या कामाचा वेग ठरतो. यास्तव तो टप्पा कोणता हे हुडकणे, एवढेच खरे काम होय.

या बाबतीत गिटलॅब या कंपनीचे उदाहरण उद्बोधक आहे. प्रोग्रामरांचे लेखन सांभाळणाऱ्या या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबी माहिती चुकून पुसली गेली. नित्याची प्रत निघतच नव्हती, असे तेव्हा उघडकीस आले. ती निघत नसल्याची सूचना देणारी पत्रेही मधल्या मध्ये नाकारली जात होती. सुदैवाने चाचणीच्या सर्व्हरवर ६ तासांपूर्वीची एक प्रत सापडली. परंतु ती मुख्य सर्व्हरवर आणण्यास सुमारे १८ तास लागले. कंपनीने पुढे प्रसिद्ध केलेल्या अहवालात कारण स्पष्ट दिले आहे. जाळ्यावर ताण नव्हता, प्रोसेसरवरही नव्हता. चाचणीच्या सर्व्हरची स्वस्त डिस्कच सेकंदाला सुमारे ६० मेगाबिटपेक्षा अधिक देत नव्हती. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे हा वेग सेकंदाला साडेसात एमबी झाला. त्या वेगाने ३०० जीबी आणण्यास ४०,००० सेकंद, अर्थात ११ तासांहून थोडा अधिक अवधी हवा. (वरच्या वर्गास घालण्याजोगे हे गणित आहे.) प्रत्यक्षात १८ तास लागले. कागदावरचा हिशेब हा नेहमी कमीत कमी वेळ सांगतो, हे ध्यानी घ्यावे.

मंदगतीचे दुसरे मोठे कारण म्हणजे फाइलींची संख्या. याकडे फार दुर्लक्ष होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला नव्या जागी जाऊन वाचण्यास दर खेपेस सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. दहा केबीच्या १ लाख फाइलींचे एकूण वजन अवघे १ जीबी. तेवढ्या वजनाची एकच सलग फाइल अशी डिस्क दहाबारा सेकंदांत वाचू शकेल. परंतु प्रत्येक लहान फाइलीस दोन खेपा धरल्या, तरी नुसत्या खेपांतच ४० मिनिटे जातात! विद्यार्थ्यांची छायाचित्रे व दाखल्यांच्या प्रती सुट्या सुट्या ठेवलेल्या असतात, तेथे नेमके हेच घडते.

प्रत काढण्याच्या पद्धतीतही विलंबाचे मूळ असू शकते. रविवारी संपूर्ण प्रत व पुढे रोज केवळ त्या दिवशी बदललेला भाग, अशी रीत असेल, तर शुक्रवारच्या स्थितीत सर्व्हर पुन्हा उभारण्यास सहा संच एकावर एक रचावे लागतात. रोज ‘रविवारपासून बदललेले सारे’ घेतले, तर दोनच संच पुरतात. मात्र रात्रीचे काम वाढते. समान मजकूर एकदाच साठवून इतरत्र नुसती खूण ठेवण्याच्या पद्धतीने जागा वाचते, पण फाइल परत जुळविताना तिचे तुकडे ठिकठिकाणांहून वेचावे लागतात. शिवाय मुक्कामी विषाणुप्रतिबंधक प्रोग्राम प्रत्येक फाइल उघडून पाहतो, तो वेळ निराळा. म्हणून तो कायमचा बंद करणे मात्र गैर होय. परत येणाऱ्या प्रतीतही विषाणू असू शकतो.

निदानासाठी ५ जीबीची एक मोठी फाइल आणि तेवढ्याच वजनाच्या हजारो लहान फाइली घेऊन दोन्ही निरनिराळ्या वेळी परत आणाव्या व घड्याळ लावून वेळ टिपावी. मोठी फाइल झपाट्याने येते व लहान रेंगाळतात, तर तारेला दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही सारख्याच रेंगाळत असतील, तर त्याच फाइली बॅकअपच्या सर्व्हरच्याच डिस्कवर उतरवून पाहाव्या. आता काम लवकर झाले, तर दोष तारेत अथवा मुक्कामी आहे. मग सॉफ्टवेअर बाजूस ठेवून तीच मोठी फाइल साध्या रीतीने तारेवरून पाठवावी. गिगाबिट जोडणीस तारेतील चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तुटली असता जोडणी कित्येकदा निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरते व काम चालू असल्यामुळे कोणास संशयही येत नाही. सेकंदाला १२५ एमबी वाहणारी तार मग साडेबारा एमबी वाहते. वर सांगितलेल्या ३०० जीबीस ४० मिनिटांऐवजी ६ तास ४० मिनिटे लागतात, आणि उपाय असतो तार बदलणे!

चाचणी करताना फाइली मूळ जागी न उतरविता निराळ्या फोल्डरात उतरवाव्या, नाहीतर चांगली माहितीच जुन्या प्रतीखाली दडपली जाईल. रात्रीची प्रत निघत असताना चाचणी करू नये. तीच डिस्क एकाच वेळी लिहिते व वाचते, त्यामुळे मिळालेला आकडा फसवा ठरतो. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे समजत नाही. दुरुस्तीनंतर त्याच फाइलींची चाचणी दर सत्रारंभी पुन्हा घेऊन लागलेली मिनिटे नोंदवहीत तारखेपुढे लिहावी. मागील सत्रात १५ मिनिटांत झालेले काम या खेपेस ४० मिनिटांवर गेले असेल, तर तालुक्याच्या कार्यालयातील तंत्रज्ञास तेवढे दोन आकडे दाखविले तरी त्यास कामास लागता येते.