अंधारातला निरोप्या

रात्री अभ्यास करताना एकाएकी दिवे गेल्याचा अनुभव तुम्हांला असेलच. प्रथम डोळ्यांपुढे नुसता काळोख पसरतो. मग हळूहळू दाराची चौकट दिसू लागते, भिंतीवरचे कॅलेंडर दिसते आणि शेवटी कोनाड्यातली काड्यापेटीही सापडते. अशा अंधूक उजेडात आपल्या उपयोगी पडतात त्या डोळ्याच्या दृष्टिपटलावरील दंडपेशी. एका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी असतात. त्या किती तरल असाव्यात? हेख्ट, श्लेअर आणि पिरेन या शास्त्रज्ञांनी १९४२ साली दाखवून दिले, की दृष्टिपटलाने अवघे पाच ते चौदा प्रकाशकण शोषले तरी माणसाला उजेडाची जाणीव होते!

आता एक कोडे पाहा. दंडपेशीच्या आत पातळ चकत्यांची एक चळत असते, नाण्यांची चळत लावावी तशी. प्रकाश शोषणारे ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य या चकत्यांवर असते. पण मेंदूकडे जाणारा संदेश ज्या विद्युतबदलातून सुरू होतो, तो घडतो पेशीच्या बाहेरच्या आवरणावर. चकत्या त्या आवरणाला चिकटलेल्या नसतात. मग चकतीवर प्रकाशकण येऊन आदळला, ही बातमी आवरणापर्यंत पोचवतो कोण?

तो निरोप्या म्हणजे चक्रीय जी.एम.पी. त्याचे पूर्ण नाव चक्रीय ग्वानोसिन मोनोफॉस्फेट. नाव लांबलचक असले तरी रेणू लहानसाच आहे.

कडे जोडले, कडे तोडले

पेशीत जी.टी.पी. नावाचा एक पदार्थ असतो. त्याच्या रेणूला फॉस्फेटचे तीन गट असतात. ग्वानिलेट सायक्लेज हे विकर त्यांतील दोन गट काढून टाकते आणि उरलेल्या गटाचे मोकळे टोक त्याच रेणूतील शर्करेला जोडते. त्यामुळे एक कडे तयार होते. म्हणून हा ‘चक्रीय’. दुसरे एक विकर, फॉस्फोडायएस्टरेज, हे कडे एका जागी तोडते. कडे तुटले की उरतो तो साधा जी.एम.पी. त्याला निरोप सांगता येत नाही.

हा पदार्थ १९६३ साली प्रथम सापडला तो उंदराच्या मूत्रात. त्याचाच भाऊ शोभेल असा चक्रीय ए.एम.पी. अर्ल सदरलँड यांनी त्याआधीच शोधला होता. संप्रेरक पेशीच्या दाराशी येऊन थांबते आणि आतली कामे असा ‘दुसरा निरोप्या’ करतो, ही कल्पना त्यांचीच. त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पहारेकऱ्याची काठी

अंधारात दंडपेशीत चक्रीय जी.एम.पी. भरपूर असतो. पेशीच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारे असतात. चक्रीय जी.एम.पी. त्यांना आतून चिकटला की ती उघडी राहतात. त्यांतून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत येत राहतात आणि पेशी आपल्या टोकाशी एक रसायन सतत सोडत राहते.

आता चकतीवर एक प्रकाशकण येऊन पडतो. ऱ्होडॉप्सिनच्या रेणूचा आकार बदलतो. तो ट्रान्सड्यूसिन नावाच्या अनेक प्रथिनांना जागे करतो आणि ती फॉस्फोडायएस्टरेजला कामाला लावतात. हे विकर पटापट कडी तोडत सुटते. एका प्रकाशकणापायी हजारो रेणू नाहीसे होतात. निरोप्याच न उरल्याने दारे मिटतात, आयनांचा ओघ घटतो आणि टोकाशी सुटणारे रसायन कमी होते. एवढ्याशा उजेडाचा परिणाम मोठा होतो तो असा.

गंमत लक्षात आली ना? पहारेकरी रात्रभर काठी आपटत फिरतो, तेव्हा आपण निर्धास्त झोपतो. काठीचा आवाज एकाएकी थांबला, की मात्र जाग येते. दंडपेशीचेही तसेच आहे. अंधारात तिचा आवाज चालू असतो आणि तो मंदावला, की मेंदूला उजेड कळतो!

हे सिद्ध कसे झाले? दारे मिटवणारा निरोप्या कॅल्शियम असावा, असे बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटत होते. १९८५ साली सोव्हिएत रशियातील फेसेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या दंडपेशीच्या आवरणाचा इवलासा तुकडा काचेच्या सूक्ष्म नळीच्या टोकावर धरला. त्याच्या आतल्या बाजूस चक्रीय जी.एम.पी. लावताच दारे उघडली. तो धुऊन टाकताच ती मिटली. वाद बराचसा निकालात निघाला.

कॅल्शियमचे काम वेगळेच निघाले. दारे मिटली की पेशीतील कॅल्शियम कमी होते आणि ही घट ग्वानिलेट सायक्लेजला जोराने कामाला लावते. नवी कडी तयार होतात, दारे पुन्हा उघडतात आणि पेशी पुढच्या प्रकाशकणासाठी सज्ज होते.

एक निरोप्या, अनेक कामे

हाच रेणू रक्तवाहिनीच्या स्नायूत मात्र निराळे काम करतो. हृदयविकाराच्या कळा येणाऱ्या रुग्णांना एकोणिसाव्या शतकापासून नायट्रोग्लिसरीन देत आले आहेत. ते गुण का देते, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोकळा होतो आणि तो ग्वानिलेट सायक्लेजला चालना देतो, हे फेरिड म्युराड यांनी १९७७ साली दाखवले. चक्रीय जी.एम.पी. वाढला की स्नायू सैलावतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. या वायूच्या कार्यासंबंधीच्या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यात निरोप पोचतो कडे तुटल्याने, रक्तवाहिनीत तो पोचतो कडे जोडल्याने. निरोपाचा अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्या पेशीवरून.

निरोप पुसलाच नाही तर?

उंदरांच्या एका जातीत पिले जन्मल्यावर काही आठवड्यांतच आंधळी होतात. त्यांच्या दंडपेशी मरण्यापूर्वीच त्यांत चक्रीय जी.एम.पी. साचलेला असतो, असे फार्बर आणि लॉली यांना १९७४ साली आढळले. पुढे उलगडा झाला, की या उंदरांत कडे तोडणारे विकरच सदोष असते. दारे उघडीच राहतात आणि पेशी नाश पावते. माणसांच्या काही कुटुंबांतही असाच आनुवंशिक दोष असतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग नजरेच्या कडा आत आत सरकतात. निरोप धाडणे जितके गरजेचे, तितकेच तो वेळेवर पुसणेही गरजेचे, हे या रुग्णांकडे पाहून पटते.

शेवटी एक सोपा प्रयोग. रात्री दिव्याच्या उजेडात अर्धा तास एका डोळ्यावर जाड रुमालाची घडी बांधून ठेवा. मग दिवा मालवा, घडी काढा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहा. झाकलेल्या डोळ्याला खोली दिसते, उघड्या डोळ्याला काळोख! चक्रीय जी.एम.पी.ची कडी लवकर जुळतात, पण उजेडाने बदललेले ऱ्होडॉप्सिन पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो. झाकलेल्या डोळ्यात ते आधीच तयार होते. पुढच्या वेळी दिवे गेले, की या निरोप्याची आठवण ठेवा!