घडीचे सौरपॅनेल: ठेवण आणि नेआण

घडीच्या सौरपॅनेलमधली सिलिकॉनची चकती (सेल) अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असते. कापड वाकते, ती तडकते. म्हणून घडी शिवणीवरच घालावी, सेलची बाजू आत ठेवावी, वर सामान रचू नये. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, वीज मात्र घटते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो; उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून बराच वर. तिथे पॅनेल टाकून जाणे म्हणजे प्लॅस्टिकचे थर सुटायला निमंत्रणच. पावसाळ्यात पॅनेल ओले असताना घडी केली तर जोडणीच्या पिना गंजतात. ताडोबाच्या वाटेवरची धूळ ओल्या मऊ फडक्याने टिपावी. कोरडी घासल्यास ओरखडे उठतात.

विमानप्रवासात सोबतची पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी. चेक-इन बॅगेत ती चालत नाही.