आल्प्स परिसरातील खांबांवरील प्रागैतिहासिक वसाहती

आल्प्स परिसरातील खांबांवरील प्रागैतिहासिक वसाहती म्हणजे सरोवरे, नद्या व दलदली यांच्या काठी लाकडी खांब रोवून उभारलेल्या घरांचे अवशेष होत. त्यांचा काळ सुमारे इ.स.पू. ५००० ते इ.स.पू. ५०० असा आहे. २०११ साली युनेस्कोने स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया व स्लोव्हेनिया या देशांतील अशा १११ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ५६ स्थळे स्वित्झर्लंडमध्ये आहेत.

शोध

१८५३-५४ च्या हिवाळ्यात झ्युरिक सरोवराची पातळी खूप खालावली. ओबरमाइलेन येथे उघड्या पडलेल्या तळात लाकडी खांब, दगडी हत्यारे व खापरे आढळली. पुरातत्त्वज्ञ फर्डिनांड केलर यांनी १८५४ साली या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले.

बांधणी

खांबांसाठी ओक, ॲश इत्यादी झाडांचे लाकूड वापरले जाई. टोक अणकुचीदार केलेले खांब मऊ गाळात खोलवर रोवून त्यांवर आडव्या तुळया व तक्तपोशी बसवत. चूल पेटवता यावी म्हणून तिच्या जागी मातीचा थर देत. भाराने खांब गाळात खचू नये यासाठी काही ठिकाणी भोक पाडलेली फळी तळावर ठेवून तिच्यातून खांब खाली नेत. खांबाचा भार त्यामुळे फळीवर येऊन मोठ्या क्षेत्रावर विभागला जाई.

स्वरूपाविषयीचे मतभेद

पाण्यावर उभारलेल्या एकाच विस्तीर्ण मंचावर सारे गाव वसलेले असावे, असे केलर यांचे मत होते. विसाव्या शतकात काही संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते घरे काठावरील जमिनीवर होती आणि पाण्याची पातळी नंतर वाढली. इटलीतील फिआवे येथील उत्खननात पाण्यात उंच खांबांवर उभारलेली घरे, तसेच आडव्या लाकडांच्या जाळीने खांब जखडलेली बांधकामेही आढळली. त्यामुळे सर्व वसाहतींना एकच नमुना लागू पडत नाही, हे स्पष्ट झाले.

जतन

पाण्याने संपृक्त गाळात प्राणवायू अत्यल्प असल्याने लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणून खांबांसोबत धान्य, कापड व दोऱ्याही टिकून राहिल्या. लाकडातील वार्षिक वलयांवरून झाड तोडल्याचे नेमके वर्ष अनेकदा ठरवता येते. तथापि शेतीसाठी दलदलींचा निचरा केल्यास किंवा लाटांनी काठाची धूप झाल्यास हे लाकूड उघडे पडून झपाट्याने नष्ट होते. त्यामुळे बहुतेक अवशेष मूळ जागी, पाण्याखाली किंवा ओल्या मातीतच ठेवले जातात. जर्मनीतील उंटरउल्डिंगन येथील संग्रहालयात अशा घरांच्या प्रतिकृती पाहता येतात.