डीजेवरील भीमगीत : आस्वादाचा प्रश्न

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारे भीमगीत प्रस्थापित समीक्षकाला गोंगाट वाटते आणि आपल्यातील बऱ्याच सुशिक्षितांना चळवळीची घसरण. दोघेही ते गाणे नीट ऐकत नाहीत. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीसारख्या गावातला, कॉलेजात शिकणारा किंवा एम.आय.डी.सी.त कंत्राटावर राबणारा तरुण या गाण्यावर नाचतो, तेव्हा तो स्वतःविषयी काहीतरी सांगत असतो. ते समजून घेणे हे समीक्षेचेच काम आहे.

सत्यशोधक जलसा, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, गावोगाव फिरून गाणारे वामनदादा कर्डक (1922-2004), पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातील कॅसेटी, या वाटेवरचाच डीजे हा पुढचा टप्पा आहे. त्याची रचना साधी असते. मूळ गायकाचा आवाज उचलायचा, लय वाढवायची, खाली एकसारखा जड ठोका भरायचा. एखादी ओळ पुन्हापुन्हा फिरवायची आणि मध्येच सारे वाद्य बंद करायचे. त्या क्षणाच्या शांततेत जमाव ‘जय भीम’ म्हणतो. ठोका परत येतो तेव्हा सगळे पाय एकदम जमिनीवर पडतात. गाण्यातला ‘आम्ही’ त्या घटकेला शब्दातून देहात उतरतो.

या ठोक्यात पुष्कळदा हलगीचा नाद असतो. गावगाड्यात हलगी हे कलावंताचे वाद्य नव्हते. ते जातीवर लादलेले काम होते. वाजवायचे एकाने, मिरवायचे दुसऱ्याने. डीजेत हलगीचा नाद राहिला, पण ती चाकरी गळून पडली. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवले, त्यांची मुले आज स्वतःच्या सणाला, गावाच्या भर रस्त्यात नाचतात. या गाण्याचे सौंदर्य या उलटापालटीत आहे. ते वगळून त्याचा आस्वाद घेता येणार नाही.

रस्ता हा शब्द येथे हलका नाही. 1927 साली महाडला प्रश्न सार्वजनिक पाण्याचा होता. येथे तो सार्वजनिक रस्त्याचा आणि आवाजाचा आहे. मे 2015 मध्ये शिर्डीत मोबाईलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा खून झाला. जून 2023 मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाला मारले गेले. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. ज्या गाण्यासाठी जीव जातो, त्याला निव्वळ करमणूक कसे म्हणावे?

पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीने ‘डेंजर चमार’ या गाण्यात शिवी म्हणून वापरले जाणारे जातीचे नावच अभिमानाने उचलून धरले. भीमगीताची मुख्य वाट वेगळी आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर त्यातील तरुण बहुधा जन्माने मिळालेल्या नावापेक्षा स्वीकारलेल्या नावाने उभा राहतो. म्हणूनच या अस्मितेला विचाराचा आधार लागतो.

आणि नेमका तोच डीजेत पातळ होतो. वामनदादांच्या गीतात एक युक्तिवाद असतो. त्यातली एकच ओळ फिरत राहिली की युक्तिवाद जातो आणि घोषणा उरते. नाचाच्या रिंगणात मुलगे असतात. मुली, आया पुष्कळदा कडेला उभ्या दिसतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे 2000 सालचे नियम आपल्यालाही लागू आहेत. आपल्याच वस्तीतला आजारी म्हातारा आणि परीक्षेला बसलेली मुलगी यांचाही तो प्रश्न आहे. नियम फक्त आपल्याच मिरवणुकीला लावले जात असतील तर जरूर भांडावे. पण नियम पाळून भांडावे.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी पोरांना डीजे बंद करा म्हणून सांगू नये. जयंतीच्या आधी एक संध्याकाळ मूळ गीत पूर्ण वाचावे, त्याचा अर्थ मुलामुलींनी एकत्र बसून लावावा. मग तेच गीत रस्त्यावर वाजू द्यावे. अर्थ ठाऊक असलेल्या माणसाचे पाऊल वेगळे पडते.