मिनिटभरात वाढलेला वाटाणा

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात गाड्या थांबतात, मोबाइल बाहेर निघतात आणि वाऱ्याने वर उडणाऱ्या धबधब्याची इवलीशी फीत संध्याकाळपर्यंत गावोगाव पोहोचते. नवल टिपायची ही हौस जुनी आहे. आपला चित्रपट जन्मला तोच तिच्या पोटी.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या. ते पाहून हरिश्चंद्र भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. दुसरी फीत माकडांची आणि त्यांना खेळ शिकवणाऱ्याची.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये त्याहून अवघड गोष्ट केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ अंकुराची वाढ टिपत राहिले. पडद्यावर वेल मिनिटभरात वर चढला! रोज एकच चित्र घेतले, असे सांगतात. मला ते पटत नाही. तेव्हा सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. त्या हिशेबाने महिन्याची चित्रे दोन सेकंदांत संपतील. मिनिटभरासाठी शेकडो लागतात, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा ते कुंडीपाशी बसले असणार. भांडवल घालणाऱ्याला त्यांनी हीच फीत दाखवली आणि पैसा उभा राहिला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी हा वाटाणा आहे, हे शाळेत शिकवायला हवे.

पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ‘चित्रपट कसे तयार करतात’मध्ये तर स्वतःच पडद्यावर येऊन सगळी कारागिरी उघड करून दाखवली.

यातले बरेच आज हाती नाही. नायट्रेटची फीत सहज पेट घेते, नीट न ठेवल्यास कुजते. जे वाचले, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ऋण मानावे तेवढे थोडे.

फाळक्यांची युक्ती आता मोबाइलमध्ये ‘टाइम-लॅप्स’ नावाने तयार मिळते. मग ताम्हिणीत धबधब्यावरच का थांबायचे? इथली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरून वाळून जाते आणि पावसात तिची रोपे उगवतात. मुळशीतल्या एखाद्या शाळेने एका रोपासमोर खांब रोवावा, रोज त्याच जागेवरून एक फोटो घ्यावा. पाचवीतल्या मुलांनी सुरू केलेली फीत त्यांच्या बारावीपर्यंत चालेल, आणि मग ती गावच्या चावडीवर सगळ्यांना दाखवता येईल.