मेट्रोनिडाझोल : उपयोग व सावधगिरी

पावसाळा सुरू झाला म्हणजे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे आदी वस्त्यांत पोटाच्या विकारांचे रुग्ण वाढू लागतात. अशा वेळी पुष्कळ लोक वैद्याकडे न जाता औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलच्या चार-दोन गोळ्या घेऊन येतात. ‘फ्लॅजिल’ या व्यापारी नावाने ते घरोघरी ठाऊक आहे. हे औषध गुणकारी आहे, यात शंका नाही. तथापि ते कोणत्या रोगावर, किती दिवस व कोणते पथ्य पाळून घ्यावयाचे, याचे ज्ञान सार्वत्रिक नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ते करून देणे हा आहे.

या औषधाचे मूळ जपानमध्ये आहे. तेथे १९५३ मध्ये मातीतील स्ट्रेप्टोमायसीस या सूक्ष्मजीवापासून ॲझोमायसिन हे द्रव्य मिळाले. त्याच्याशी रचनेने सदृश अशी अनेक संयुगे फ्रान्समधील रोन-पूलँक या संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार करण्यात आली. मेट्रोनिडाझोल हे त्यांपैकीच एक होय. प्रथम त्याचा उपयोग ट्रायकोमोनास या आदिजीवाच्या संसर्गावर होत असे. त्या विकारासाठी औषध घेणाऱ्या एका रुग्णाच्या हिरड्यांचा दाहही बरा झाल्याची नोंद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जिवाणूंवरील त्याच्या परिणामाकडे लक्ष वेधले गेले. पुढे १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील वैद्यांनी अमीबाजन्य आमांश व यकृतातील गळू यांवरील त्याची उपयुक्तता दाखवून दिली. त्यापूर्वी या विकारांवर मुख्यतः एमेटीन वापरीत. परंतु त्याचा हृदयावर विपरीत परिणाम होत असे.

एकच औषध आदिजीव व जिवाणू या दोहोंस मारते, याचे कारण त्याच्या क्रियेत आहे. अमीबा, जिआर्डिया आणि ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारे जिवाणू यांच्या पेशींत फेरेडॉक्सिनसारखी प्रथिने असतात. ती या औषधातील नायट्रो गटास इलेक्ट्रॉन देतात. त्यातून निर्माण होणारे क्रियाशील घटक सूक्ष्मजीवाच्या डीएनएचे तुकडे करतात. ऑक्सिजनवर जगणाऱ्या सामान्य जिवाणूंत ही प्रक्रिया घडत नाही. विषाणूंवर तर या औषधाचा मुळीच परिणाम होत नाही.

यावरून पहिला नियम निघतो. बहुतेक पातळ जुलाब विषाणूंमुळे किंवा अन्य जंतूंमुळे होतात. त्यांत मुख्य उपचार म्हणजे क्षार-शर्करेचे द्रावण देऊन शरीरातील पाणी भरून काढणे हा होय. शौचात रक्त वा आव पडत असल्यास, ताप असल्यास किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असल्यास वैद्यास दाखवावे. शौचपरीक्षेत अमीबाच्या पुटी दिसल्या म्हणजे रोग सिद्ध झाला असेही नाही. कारण एंटामीबा डिस्पार या निरुपद्रवी जातीच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक जातीसारख्याच दिसतात.

दुसरा नियम उपचार पूर्ण करण्याचा. बरे वाटताच गोळ्या सोडून देऊ नयेत. शिवाय हे औषध आतड्याच्या भिंतीतील अमीबा मारते, परंतु पोकळीतील पुटींवर त्याचा परिणाम अपुरा असतो. म्हणून अमीबाचा रोग निश्चित झाल्यावर त्यामागून डायलोक्सनाइड फ्युरोएटसारखे दुसरे औषध देतात. ते टाळल्यास रोग उलटण्याचा व इतरांस पसरण्याचा संभव राहतो.

तिसरा नियम पथ्याचा. औषध चालू असता व शेवटच्या मात्रेनंतर तीन दिवस मद्य वर्ज्य करावे; त्याने मळमळ, उलटी व छातीत धडधड होण्याचा संभव सांगितला आहे. आसवे, अरिष्टे व खोकल्याची काही औषधे यांतही मद्यार्क असतो, हे ध्यानात ठेवावे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल ही औषधे घेणाऱ्यांस रक्तस्रावाचा धोका वाढतो. लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते. यकृताचा विकार असणारे रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांनी ही गोष्ट वैद्यास आधी सांगावी.

तोंडास धातूसारखी चव येणे किंवा लघवी गडद होणे यांस भिण्याचे कारण नाही. हातापायांस मुंग्या येणे, बधिरता, चालताना तोल जाणे किंवा झटके येणे ही मात्र मज्जासंस्थेच्या इजेची चिन्हे आहेत. दीर्घकाळ वा वारंवार औषध घेतल्याने ती उद्भवू शकतात; ती दिसताच औषध थांबवून तत्काळ वैद्याकडे जावे.

हे औषध चिठ्ठीवाचून विकू नये असा नियम आहे, तो याच कारणांसाठी. नवी मुंबई महानगरपालिकेच्या बहुतेक वस्त्यांस मोरबे धरणाचे शुद्ध केलेले पाणी मिळते. परंतु इमारतीची टाकी अस्वच्छ असेल अथवा नळ गटाराजवळ फुटला असेल, तर ते पुन्हा दूषित होते. क्लोरिनच्या नेहमीच्या प्रमाणास अमीबाच्या पुटी दाद देत नाहीत, परंतु उकळीने त्या मरतात. यास्तव पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, सोसायटीची टाकी वेळच्या वेळी धुऊन घ्यावी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.