आईचा कागद



स्मृतिभ्रंश झाल्यावर आईला आम्ही बेत-आवोतमध्ये ठेवलं. पहाटे पाचला आंघोळ घालताना ती ओरडायची. वहीत नोंद झाली: ‘आजी भांडतात.’ या आजारात नंतर शिकलेली भाषा आधी जाऊ शकते. आईची हिब्रू गेली होती, मराठी उरली होती.

मी पलंगाशी कागद लावला: आधी गोड चहा, आंघोळ नंतर. खाली ‘पाणी’, ‘दुखतं’, ‘थंडी’ हे शब्द हिब्रू अक्षरांत. हळूहळू ओरडणं कमी झालं.

अमेरिकेत टुपेलो गावी २००३ मध्ये अशा वृद्धांसाठी दहा-दहा जणांची घरंच उभारली. तिथे झोपायची-उठायची वेळ ज्याची त्याने ठरवायची. आपल्याला इमारत बदलता येत नाही. पण आपल्या माणसाचा असा कागद आजच लिहा, त्यांना विचारून, ते सांगू शकतात तोवर.